दुसरीच्या वाट्याचं काम

त्या कॉलेजात विद्यार्थिनींमधल्या प्रमुख मुलीला ‘धाकटी’ म्हणत. वयानं ती थोरली असे, शेवटच्या वर्षातली, पण नाव धाकटीच. तिनं सगळ्यांच्या शेवटी जेवायचं, काल दाखल झालेल्या मुलीलाही ‘ताई’ म्हणून हाक मारायची, आणि बाकीच्यांनी मात्र तिला खुशाल अगंतुगं करायचं. कॉलेज धर्मशिक्षणाचं होतं. इथून शिकून गेलेल्या मुली पुढे प्रार्थनागृहं सांभाळत, अनाथालयं चालवत, आजाऱ्यांच्या उशाशी बसत. माणसांच्या पुढे उभं राहायचं असेल तर आधी त्यांच्या मागे उभं राहायला शिका, असं इथं पहिल्या दिवसापासून सांगत, आणि ते शिकवायला आठवड्यातून एकदा खुद्द प्राचार्याबाई तास घेत.

“झोप येत असेल त्यांनी शेवटच्या बाकावर जा,” बाई सुरुवातीलाच म्हणत. “पुढाऱ्यांची जागा तीच आहे. निदान झोप तरी सत्कारणी लागेल.”

मुली हसत. बाई हसत नसत.

यंदा धाकटी म्हणून जिची निवड झाली ती इथं येण्याआधी रसायनशास्त्र शिकली होती. सगळं मोजूनमापून करण्याची सवय तिला तिथंच लागली. नाव पुकारलं तेव्हा तिनं मान खाली घातली आणि “मी कुठली एवढी,” असं पुटपुटली. मग न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून, आरशासमोर उभं राहून पोटभर हसून घेतलं. तोंड पुसून बाहेर आली तेव्हा तिची खोलीतली मैत्रीण दाराशीच उभी होती. या मैत्रिणीला सगळ्या रेडिओ म्हणत, कारण ती डोळे मिटेपर्यंत बंद होत नसे.

“हसून झालं?” रेडिओ म्हणाली. “आता माझे बूट पुस, धाकटे.”

“पुसते, ताई.”

“अगं ए! खरंच घेतेस की काय? ठेव ते खाली.”

पण धाकटीनं बूट पुसलेच, आणि असे चकचकीत पुसले की रेडिओला आठवडाभर ते घालायची लाज वाटली.

कॉलेजचा आणखी एक रिवाज होता. प्रत्येक मुलगी पहिल्या वर्षी आपली आपण एक सेवा निवडे आणि शिक्षण संपेपर्यंत ती सांभाळे. कुणी गच्चीवरच्या टाक्या घासे, कुणी प्रार्थनागृहाच्या काचा पुसे, कुणी अंध शिक्षिकेला संध्याकाळी फिरवून आणे. कुणी कुणाला काम नेमून देत नसे. आणि आपली सेवा आपल्या तोंडानं सांगायची नाही, हा त्यातला सर्वांत कडक नियम. सांगितली की ती सेवा उरत नाही, जाहिरात होते, असं बाई म्हणत. शिक्षिकांनाही कोण काय करतं ते माहीत नसे. माहीत असे फक्त धाकटीला, कारण एखादी आजारी पडली तर तिचं काम गुपचूप उरकून टाकण्याची जबाबदारी धाकटीची.

दुसऱ्या वर्षात एक मुलगी होती, तिचं नाव पडलं होतं गोगलगाय. चालणं हळू, बोलणं हळू, लिहिणं तर विचारूच नका. परीक्षेत बाकीच्या उत्तरपत्रिका बांधायला दोरा मागत तेव्हा हिचं दुसरं उत्तर चाललेलं असे. धर्मग्रंथांचा अर्थ उलगडणाऱ्या टीकाग्रंथांच्या पेपरात ती एकदा नापास झाली होती. दुसऱ्यांदा झाली तर वर्षअखेरच्या बैठकीत तिचा प्रश्न निघणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. अशा मुलीला ठेवायचं की घरी पाठवायचं ते बैठकीत ठरे, आणि पेपरांच्या विरुद्ध पारड्यात टाकायला एकच गोष्ट असे, ती म्हणजे सेवा. त्या बाबतीत धाकटीचा शब्द शेवटचा.

गोगलगायीला घरी जायचं नव्हतं. तिच्या भावाचं शिवणकामाचं दुकान होतं. इथं येऊ द्यावं म्हणून तिनं त्याची कितीतरी मनधरणी केली होती. शेवटी तो म्हणाला होता, “जा. पण परत आलीस तर पुन्हा नाव काढायचं नाही.” हे तिनं एकदा भाजी निवडता निवडता सांगितलं होतं, तेही रेडिओनं खोदून खोदून विचारल्यावर. शिकून झाल्यावर तिला कॉलेजच्याच आजारघरात राहायचं होतं. मागच्या अंगणापलीकडे ते होतं. म्हाताऱ्या, कुणी नसलेल्या बायका तिथं शेवटचे दिवस काढत.

तिची सेवाही तिथलीच होती. आजारघरातल्या मळलेल्या चादरी ती पहाटे, इतर मुली उठायच्या आत, धुऊन वाळत घाली.

थंडी पडायला लागली तेव्हा एकदा जेवताना धाकटी वाढत होती. गोगलगायीनं ताट पुढे केलं आणि धाकटीला तिचे हात दिसले. बोटांच्या पेरांवर कातडी उकलली होती, अंगठ्यापाशी चिरेत रक्त वाळलं होतं. धाकटीच्या हातातला डाव तसाच थांबला. चादरींना कपडे धुण्याचा सोडा लागतो हे तिला माहीत होतं. सोडा मळाबरोबर कातडीतलं तेलही काढून नेतो, मग थंडीची हवा उरलेलं काम करते, हेही माहीत होतं.

जेवणं झाल्यावर तिनं गोगलगायीला जिन्याखाली गाठलं.

“ताई, हात बघू.”

गोगलगायीनं हात मागे घेतले. “काही नाही गं. दरवर्षी होतं.”

“उद्यापासून चादरी मी बघते.”

“का?”

“का म्हणजे? हात बघा स्वतःचे. शिवाय पेपर आहे तुमचा. तेवढीच पहाट अभ्यासाला मिळेल.”

गोगलगाय बराच वेळ काही बोलली नाही. तिला उत्तराला वेळ लागतो म्हणून धाकटी थांबली, पण मनातून ती केव्हाच पुढच्या कामाला लागली होती.

“मला जमतं ते,” गोगलगाय म्हणाली.

“जमतं हो, मला माहीतच आहे. पण मी आहे कशाला मग?”

यावर काय बोलायचं? धाकटी त्याचसाठी असते, असं तर प्राचार्याबाईच शिकवत. गोगलगायीनं मान हलवली. ती होकाराची होती की नुसतीच हलली होती, हे धाकटीनं पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे धाकटी धुण्याच्या खोलीत गेली. दगडी हौद, भिंतीला टेकवलेलं लाकडी फळकूट, कोपऱ्यात मळक्या चादरींचा ढीग. वास असा की तिनं आधी खिडकी उघडली. तिनं पद्धत बसवली. डागांच्या चादरी आधी गार पाण्यात, कारण गरम पाण्यानं रक्ताचा डाग पक्का होतो. मग सोडा, मग घासणं, मग स्वच्छ पाणी, पाणी निवळ येईपर्यंत. शेवटच्या चादरीचा पीळ काढताना हात बधिर झाले होते, आणि छातीत काहीतरी लख्ख, हलकं वाटत होतं. आपण कुणाचं तरी दुखणं अंगावर घेतलं! दोरीवर चादरी पसरून ती वळली तर दारात गोगलगाय उभी होती. केस विंचरलेले, बाह्या दुमडलेल्या.

“झाल्या?” तिनं विचारलं.

“झाल्या, ताई. तुम्ही अभ्यासाला बसा.”

गोगलगाय दोरीकडे बघत उभी राहिली. मग एका चादरीचं टोक, जे जरा तिरकं लोंबत होतं, ते तिनं सरळ केलं आणि गेली.

त्यापुढच्या पहाटे गोगलगाय आधी येऊन बसली. धाकटी पोचली तेव्हा हौद भरलेला होता आणि पहिली चादर पाण्यात होती. धाकटी हसली, तिला गोड बोलून उठवलं, चादर हातातून घेतली. आणि त्याच्या पुढच्या पहाटे ती स्वतः आणखी आधी उठली. असं बरेच दिवस चाललं. एकीनं उठायचं, तर दुसरीनं त्याच्याही आधी. पण लवकर उठण्यात गोगलगाय कुठवर पुरी पडणार?

रेडिओला पांघरुणातून सगळं कळत असे. चादरी नेमक्या कुणाच्या ते तिला माहीत नव्हतं, पण धाकटी कुणाशी तरी शर्यत लावते आहे, हे तिनं ओळखलं होतं.

“दोघी अशाच उठत राहिलात ना,” ती म्हणाली, “तर एक दिवस उद्याचं काम कालच होऊन जाईल.”

“गप झोप, ताई.”

“ज्या कुणाचं काम ओढतेयस, तिला विचारलंस का?”

“तिला सांगितलंय मी.”

“सांगितलंस. विचारलंस का, म्हणतेय मी.”

“तिचे हात बघितले असतेस तर असं बोलली नसतीस.”

“बाई गं,” रेडिओ कूस बदलत म्हणाली, “तुझ्यापुढे काही बोलायची सोय नाही. तू इतकी चांगली आहेस की आम्हाला उचकी लागते.”

धाकटीला राग आला नाही. उलट बरं वाटलं. चांगल्या माणसाला लोक हसतातच, असं तिनं स्वतःला समजावलं.

मग गोगलगाय पहाटे यायची बंद झाली. अभ्यासाच्या खोलीत खिडकीजवळ पुस्तक उघडून बसलेली दिसे. धाकटी जाता-येता बघे आणि समाधान पावे. पुस्तकाचं पान मात्र सहसा उलटत नसे. खिडकीतून मागचं अंगण दिसे, आणि अंगणात दोरीवर चादरी. दिवसेंदिवस तिचं बोलणं आणखी कमी झालं. जेवताना मुलींच्या घोळक्यातून ती एका टोकाला सरकली, मग त्या टोकावरूनही उठून भिंतीकडच्या बाकावर गेली. तिचे हात पूर्ण बरे झाले. धाकटीचे फुटले. ते ती ओढणीत लपवे. पण कुणाच्या तरी नजरेला पडतील इतपतच लपवे.

पेपर झाला. गोगलगाय पुन्हा नापास झाली.

वर्षअखेरची बैठक प्राचार्याबाईंच्या खोलीत असे. लांब टेबल, पंखा, भिंतीला लागून पुस्तकांची कपाटं. टेबलाच्या एका बाजूला प्राचार्याबाई आणि दोन शिक्षिका, समोर एकटी धाकटी. नापास झालेल्या मुलींचा एकेक प्रश्न निघाला. एकीच्या सेवेबद्दल धाकटी मनापासून बोलली. तिला ठेवायचं ठरलं. धाकटीच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मग गोगलगायीचं नाव आलं.

“दोनदा नापास,” टीकाग्रंथ शिकवणाऱ्या शिक्षिका म्हणाल्या. “वाईट मुलगी नाही. पण पुढे झेपेल असं मला वाटत नाही. सेवा काय आहे तिची?”

“आजारघरातल्या चादरी धुणं,” धाकटी म्हणाली. मग खोटं नको म्हणून पुढे म्हणाली, “होती. थंडीपासून ती करत नाही.”

“का?”

“हात फुटले होते तिचे.”

“अरेरे. मग हात बरे झाल्यावर?”

“नाही.”

शिक्षिकांनी एकमेकींकडे पाहिलं. प्राचार्याबाईंनी चष्मा काढला.

“मग चादरी कोण धुतं?”

इथं धाकटीच्या तोंडाला कुलूप लागलं. ‘मी’ म्हणायचं म्हणजे आपली सेवा आपल्याच तोंडानं सांगायची. नियम स्पष्ट होता. पण नियमाखाली आणखी काही होतं, आणि ते तिला त्याच क्षणी दिसलंही होतं. इतके महिने जे कुणाला कळू दिलं नाही ते आज आपण होऊन सांगितलं, तर त्याची किंमत अर्धी होईल. न सांगता ते कधीतरी दुसऱ्याच कुणाच्या तोंडून बाहेर येईल. मग बाईंना आठवेल, की विचारलं तेव्हाही ही गप्पच होती.

“होतात धुऊन,” ती खाली बघत म्हणाली.

“हं,” प्राचार्याबाई म्हणाल्या. “म्हणजे दुसऱ्या कुणीतरी पत्करलं, आणि हिनं सोडून दिलं.”

धाकटी काही बोलली नाही. पंखा फिरत राहिला. तिच्या मनात आलं, बाई गोगलगायीला बोलावतीलच, तीच सांगेल.

गोगलगायीला बोलावलं. ती दाराजवळच उभी राहिली.

“तुझी सेवा थंडीपासून बंद आहे, हे खरं का?” प्राचार्याबाईंनी विचारलं.

गोगलगायीनं धाकटीकडे पाहिलं. तक्रारीनं नव्हे. दोघींपैकी कुणी बोलायचं हे जणू तिला कळत नव्हतं. नेहमीसारखा वेळ गेला, आणि नेहमीसारखीच सगळ्यांची चुळबुळ झाली.

“हो,” ती म्हणाली.

“काही सांगायचंय?”

“नाही.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ती निघाली. एक पत्र्याची पेटी, एक कापडी पिशवी. मुली फाटकापर्यंत आल्या, रेडिओनं तिच्या पिशवीत काहीबाही खाऊ कोंबला आणि रडून घेतलं. धाकटी पेटी उचलायला पुढे झाली, तशी गोगलगायीनं पेटी दुसऱ्या हातात घेतली.

“ताई,” धाकटी कशीबशी म्हणाली, “मी बैठकीत…”

“तू काही खोटं नाही बोललीस गं,” गोगलगाय म्हणाली. तिला खरंच समजूत घालायची होती, आणि त्यामुळेच ते धाकटीच्या जिव्हारी लागलं.

चादरी दुसऱ्या दिवशीही होत्याच. धाकटी पहाटे उठून हौदाशी बसली आणि पहिली चादर पाण्यात घातल्यावर तिचे हात चालेनात. छातीत कुठलंच लख्ख वाटणं नव्हतं. ती कितीतरी वेळ पाण्यावरचा सोड्याचा तवंग बघत बसली, मग ओल्या हातांनीच प्राचार्याबाईंच्या खोलीकडे गेली.

बाई चहा घेत होत्या. धाकटीनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. जिन्याखालचं बोलणं, पहाटेची शर्यत, बैठकीतलं गप्प बसणं. गप्प का बसली तेही, अगदी तळापर्यंत. सांगताना जमिनीनं पोटात घ्यावं असं तिला वाटत होतं.

बाईंनी कप खाली ठेवला.

“हात फुटले होते म्हणालीस. तू रसायनशास्त्र शिकलेली. रबरी हातमोजे आणि मलम आणून द्यायचं सुचलं नाही तुला?”

“सुचलं होतं.”

“मग?”

धाकटीकडे उत्तर होतं. हातमोजे दिले असते तर चादरी गोगलगायीच्याच राहिल्या असत्या.

“बस,” बाई म्हणाल्या. “माझंही चुकलं. तू ‘होतात धुऊन’ म्हणालीस तेव्हा तुझे हात माझ्यासमोर टेबलावर होते. दिसले मला. मनात म्हटलं, कशी गुणी पोर आहे, सांगतसुद्धा नाही. कौतुकात गुंतले मी, आणि पुढचं विचारायचं राहिलं.” त्यांनी चष्मा पुसला. “पुढारी सगळ्यांच्या मागे उभा राहतो, असं मी इतकी वर्षं शिकवते. मागे उभं राहून पुढच्याला ढकलूनही देता येतं, हे शिकवायचं माझ्या कधी मनातच आलं नाही.”

“तिला परत बोलवाल, बाई?”

“जागा आहे तिची. मी शिक्षिकांशी बोलते. पण बोलवायला तू जा. आणि हे बघ, तिथं जाऊन रडत बसू नकोस. समजूत घालायचं काम पुन्हा तिच्यावरच येईल.”

गोगलगायीचं गाव बसनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर होतं. शिवणाचं दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत, घर त्याच्याच माडीवर. दुकानात दोन यंत्रं, कापडाच्या चिंध्यांचा थर, भिंतीवर टांगलेले अर्धवट कपडे. भाऊ यंत्रावर बसला होता. गोगलगाय आतल्या बाजूला मांडीवर एक सदरा घेऊन काजं करत होती. धाकटीला बघून तिनं सुई थांबवली, हसली, आणि स्टूल पुढे सरकवलं.

“या,” भाऊ म्हणाला. “तुम्हीच का त्या धाकट्या? आमच्या हिनं सांगितलं होतं, तिथं सगळ्यांत मोठीला धाकटी म्हणतात. म्हटलं, छान आहे, आमच्याकडे धाकटीला धाकटीच म्हणतात, आणि तिचं कुणी ऐकतही नाही.”

“दादा,” गोगलगाय म्हणाली.

“बरं बाई, गप्प बसतो. चहा सांगतो.” तो पायरी उतरून गेला.

धाकटीनं वाटेत पाठ केलेलं सगळं सांगितलं. चूक आपली होती, बाईंपाशी ती कबूल केली आहे, जागा शाबूत आहे, सत्र सुरू व्हायच्या आत कधीही यावं. रडायचं नाही असं ठरवलं होतं, ते तिनं पाळलं. गोगलगाय ऐकत होती. ऐकता ऐकता तिनं एक काज पुरं केलं.

“पण ताई, तुम्ही का नाही सांगितलंत बैठकीत?” धाकटीनं शेवटी विचारलं. “मी गप्प बसले ते बसले. पण तुम्ही तर सांगू शकला असतात. चादरी धाकटीनं घेतल्या, एवढं एकच वाक्य.”

गोगलगायीनं नवल वाटल्यासारखं पाहिलं.

“तुझी सेवा मी कशी सांगणार? सांगायची नसते ना.”

यंत्रातल्या तेलाचा वास येत होता.

“तुम्ही रागावला नाहीत?”

“रागावले ना.” गोगलगायीनं दोरा दातानं तोडला. “खूप रागावले. पण तुझे हात फुटलेले दिसायचे, मग रागावायचीही लाज वाटायची. तिथं दुसरं काही नव्हतं गं माझ्याकडे. पेपर मला येत नव्हते, बोलायला मी हळू. पण रोज पहाटे वाटायचं, आज मी उठले नाही तर त्या आजींना कोरडी चादर मिळायची नाही. तेवढ्यावर दिवस जायचा. मग तू यायला लागलीस. तुझ्या चादरी माझ्यापेक्षा पांढऱ्या निघायच्या.”

“चला ना परत, ताई.”

गोगलगाय गप्प राहिली. या वेळी धाकटीनं खरोखर वाट पाहिली. मनातसुद्धा दुसरीकडे गेली नाही.

“वहिनीला दिवस भरत आलेत,” गोगलगाय म्हणाली. “तिचं माहेर नाही. मी आले तेव्हा दादा बोलला नाही काही. ‘पुन्हा नाव काढायचं नाही’ म्हणाला होता, तेसुद्धा बोलला नाही. नुसतं म्हणाला, बरं झालं आलीस, हिला कोण बघणार होतं. आता मी त्याला कुठल्या तोंडानं सांगू, की मला पुन्हा जायचंय?”

“तुम्हाला जायचंय का पण?”

“जायचंय,” ती म्हणाली. इतक्या लवकर उत्तर देताना धाकटीनं तिला कधी पाहिलं नव्हतं.

धाकटीला एकदम उभारी आली. “मग मी येते ना इथं! आता मोकळीच आहे मी. वहिनींचं मी बघते, बाळंतपण, घर, स्वयंपाक, सगळं. तुम्ही निर्धास्त जा. मी…”

गोगलगायीच्या हातातला सदरा खाली आला.

“हेही घेणार?” तिनं विचारलं.

ती मोठ्यानं बोलली नाही. पण धाकटीच्या तोंडातलं पुढचं वाक्य जागीच विरलं. तिला कळलं, की आत्ता, इथं, बसनं एवढ्या लांब येऊन, सगळी चूक कबूल करूनही, ती पुन्हा त्याच हौदाशी बसली होती आणि समोरचीच्या हातातली चादर ओढत होती.

“चुकलं,” ती म्हणाली.

“असू दे.” गोगलगायीनं सदरा पुन्हा मांडीवर घेतला. “बाळ जरा मोठं झालं की बघू. तोवर बाई जागा ठेवतील का ते माहीत नाही. नाही ठेवली तर नाही.”

भाऊ चहा घेऊन आला. त्याच्याबरोबर एक गिऱ्हाईक आलं, बाह्यांच्या मापावरून हुज्जत घालायला. गोगलगाय उठून माप घ्यायला गेली. धाकटीनं चहा प्यायला आणि निरोप घेतला. कुणी तिला थांब म्हटलं नाही, आणि थांबण्यासारखं तिच्याकडे काही उरलंही नव्हतं.

बसथांब्यावर गर्दी नव्हती. एक वयस्क बाई भल्यामोठ्या गाठोड्याशेजारी उभ्या होत्या. बस आली तशा त्या वाकल्या आणि गाठोड्याला हात घातला. धाकटीचा हात आपोआप पुढे झाला, आणि अर्ध्यात थांबला.

“मावशी, उचलू का?” तिनं विचारलं.

“नको गं. उचलते मी.”

मावशींनी गाठोडं गुडघ्यावर घेतलं, मग पायरीवर टेकवलं, मग दम खाल्ला. दार अडलं. आतली माणसं माना वाकड्या करून बघू लागली.

“अहो ताई!” कंडक्टर वरून ओरडला. “बघत काय उभ्या राहिलात? म्हाताऱ्या माणसाला जरा हात द्या की! शिकल्यासवरलेल्या दिसता आणि…”

मावशींनी गाठोडं आणखी एक पायरी वर सरकवलं. धाकटी त्यांच्या मागे उभी होती. कंडक्टर जे बोलत होता ते सगळं तिनं ऐकून घेतलं, आणि दार मोकळं होईपर्यंत ती तशीच थांबली.